पंधरा कोटी वर्षांच्या दगडावरची शकुंतला

तिच्या पायात काटा रुतलेलाच नाही.

राजा रविवर्म्यांचं ते चित्र तुम्ही कुठं ना कुठं पाहिलं असणार. शकुंतला सखीच्या खांद्यावर हात टेकून उभी आहे, एक पाऊल उचललेलं, मान मागं वळलेली. बघणाऱ्याला वाटतं, चालता चालता काटा रुतला, तो काढायला थांबली. आता कालिदासाचं नाटक उघडा. दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला गुपित सांगतो. ही मुलगी चार पावलं गेली नाही तोच दर्भ टोचल्याचं निमित्त करून थांबली. वल्कल कुठल्याच फांदीत अडकलं नव्हतं, तरी ते सोडवत राहिली. सगळा बहाणा! तिला आणखी एकदा मागं वळून बघायचं होतं, एवढंच. आणि राजाला तो बहाणा कळला होता.

चित्रकारानं नेमका तो क्षण उचलला. लाज आणि ओढ यांच्या मधला, एका पावलाएवढा. असा नाजूक क्षण, संस्कृत नाटकातला, म्हणजे पंडितांच्या पोथीत राहायचा. तो खेड्यापाड्यांतल्या घरांत भिंतीवर टांगला गेला कसा?

बारामतीहून फलटणच्या बाजूला, नीरेकाठी आमची सांगवी आहे. या पट्ट्यातल्या जुन्या कडीपाटाच्या घरांत दाराच्या वर, भिंतीपासून थोड्या पुढं झुकवून तसबिरी टांगायची रीत होती. लक्ष्मी, सरस्वती, रामपंचायतन आणि त्यांच्या पंगतीला दमयंती, शकुंतला. राणी व्हिक्टोरिया अजून गादीवर होती, त्या काळात सुरू झालेली ही छापील चित्रं. पण छापील म्हणून त्यांच्याकडं कुणी घाईनं पाहू नये. त्यांच्यामागं दोन प्रवास आहेत. एक शकुंतलेचा, एक दगडाचा. आणि ते ज्या तऱ्हेनं एकमेकांना भेटले, ते बघून मी थक्क होतो.

आधी शकुंतलेचा प्रवास.

महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला बहाणे करणारी नाही. तिथं ना अंगठी आहे ना दुर्वासांचा शाप. राजानं भर दरबारात ओळख नाकारली, तर ती तिथंच उभी राहून त्याला खडे बोल सुनावते आणि आपल्या मुलाचा हक्क मागते. बारामतीकरांना महाभारत परकं नव्हतं. पन्हाळ्याला १७२९ मध्ये जन्मलेले मोरोपंत पुढं बारामतीला स्थायिक झाले आणि कऱ्हेकाठी बसून त्यांनी सगळं महाभारत आर्या वृत्तात मराठीत आणलं. कीर्तनकारांच्या तोंडून त्या आर्या गावोगाव पोचल्या. शाप, हरवलेली अंगठी, माशाच्या पोटात ती सापडणं आणि आपला हा दर्भाचा बहाणा, हे सगळं कालिदासानं आपल्या पदरचं घातलं.

मग १७८९ मध्ये कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांचा इंग्रजी अनुवाद छापला जातो. दोनच वर्षांनी, १७९१ मध्ये, गेऑर्ग फोर्स्टर त्यावरून जर्मन अनुवाद करतो आणि जर्मनीत अक्षरशः शकुंतलेचं वेड पसरतं. गटेसारखा महाकवी तिच्यावर कविता लिहितो. कण्वाच्या आश्रमातली ही मुलगी त्या दशकात जर्मन साहित्यिकांच्या बैठकांत चर्चेचा विषय असते.

ते दशक लक्षात ठेवा. कारण त्याच दशकात, त्याच जर्मन मुलखात, म्युनिक शहरात एक तरुण नाटककार पैशाच्या विवंचनेत होता. नाव आलोइस झेनेफेल्डर. नाटकं लिहून होती, ती छापायला पैसे नव्हते. स्वस्तात छापायची युक्ती शोधता शोधता तो तांब्याचे पत्रे, दगड, मेण, साबण असं काहीबाही घेऊन प्रयोग करत बसे. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की १७९६ मध्ये एके दिवशी धोबीण दारात उभी होती, आईनं कपड्यांची यादी लिहायला सांगितली आणि घरात कागदाचा कपटा नव्हता. हाताशी होता घासून गुळगुळीत केलेला दगड आणि मेण-साबणाची चिकट शाई. त्यानं यादी दगडावर लिहिली. नंतर ती पुसायच्या आधी त्याच्या मनात आलं, यावरून छापता येईल का?

दोनेक वर्षांत त्याला उत्तर सापडलं. ते इतकं साधं आहे की हे आधी कुणाला का सुचलं नाही, असं वाटावं. रश्शाचं ताट नुसत्या पाण्यानं धुऊन बघा. जिथं तेलाचा तवंग चिकटलाय तिथून पाणी बाजूला पळतं, जिथं तेल नाही तिथं ते पसरतं. दगडावरच्या या छपाईचं, म्हणजे शिळाछापाचं, सगळं शास्त्र एवढंच! दगडावर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढायचं. मग डिंक आणि अगदी सौम्य आम्लाचं मिश्रण वरून फिरवायचं, म्हणजे चित्र दगडात मुरतं आणि मोकळी जागा पाणी धरून ठेवायला तयार होते. दगड ओला करायचा. पाणी मोकळ्या जागेत थांबतं, तेलकट रेषांवर थांबत नाही. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई नेमकी रेषांना धरते आणि ओल्या भागाकडं ढुंकूनही पाहत नाही. कागद ठेवा, दाबा, उचला. चित्र तयार.

त्यापूर्वीच्या छपाईत काहीतरी कोरावं लागे. लाकूड खोदा, नाही तर तांब्यावर चर पाडा. इथं कोरणं नाही, उंचवटा नाही, खळगा नाही. दगड सपाटच्या सपाट! हाताची रेघ जशी उमटली तशी छापली जाते. चित्रकाराची बोटं आणि कागद यांच्यामध्ये खोदणाऱ्याची छिन्नी उरलीच नाही.

पण दगड कोणताही चालत नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ या कामाचा नाही. हवा असतो अतिशय बारीक पोताचा चुनखडीचा दगड, तेल आणि पाणी दोन्ही पिणारा. छापखान्यांच्या पसंतीला उतरलेला उत्तम दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेन भागात निघतो. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथं उथळ, संथ खाजणं होती. तळाशी चुन्याचा गाळ इतक्या शांतपणे बसत गेला की त्याचे पापुद्रे पाटीसारखे सुटतात. किती बारीक गाळ? १८६१ मध्ये छपाईचा दगड काढताना त्यात एका पिसाचा ठसा सापडला. पिसाचा तंतू न् तंतू शाबूत. ते आर्किऑप्टेरिक्सचं पीस मानलं जातं, डायनोसॉर आणि पक्षी यांच्यामधल्या त्या प्रसिद्ध प्राण्याचं. ज्या गाळानं पिसाचा तंतू जपला, त्याच गाळाच्या दगडावर चित्रकार पापणीचा केस काढू शकत होते. दोन्हीला हवा होता तो एकच गुण!

आता रंगाकडं येऊ. इथं खरी कमाल आहे.

एका दगडावरून एकच रंग निघतो. मग रंगीत चित्र कसं करायचं? विलायतेत बराच काळ सरळ मार्ग होता: काळ्या रेषेचं चित्र छापायचं आणि हातानं रंगवायचं. लंडनमध्ये नाटकांतल्या पात्रांची चित्रं अशी विकली जात, साधं एका पेनीला, रंगवलेलं दोन पेनीला. जास्त प्रती रंगवायच्या तर टेबलाभोवती माणसं बसत, बऱ्याचदा बायका आणि मुलं. एकीच्या हाती फक्त तांबडा रंग, दुसरीच्या हाती फक्त निळा. कागद हातोहात पुढं सरकायचा आणि शेवटी पूर्ण रंगून बाहेर पडायचा.

रंगीत शिळाछाप म्हणजे हीच पंगत, फक्त माणसांच्या जागी दगड बसले. १८३७ मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया राणी झाली त्याच वर्षी, गोडफ्रॉय एंगेलमान यानं फ्रान्समध्ये या रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड. पिवळ्याचा एक, गुलाबीचा एक, फिकट निळा, गडद निळा, तपकिरी, करडा... चांगल्या चित्राला दहा-पंधरा दगड, कधी त्याहूनही जास्त. एका मोठ्या दगडाचं वजन किती असेल? ७० सेंटीमीटर लांब, ५० रुंद आणि ८ जाड धरला, तर सत्तर किलोच्या वर जातो. दहा रंगांचं चित्र म्हणजे सात क्विंटल दगड!

आणि त्या दगडांवर चित्र काढणारा कारागीर? त्याच्यासमोर रविवर्म्यांचं तैलचित्र ठेवलंय. त्यानं शकुंतलेचा गाल बघायचा आणि डोळ्यांनी तो फोडायचा. यात पिवळा किती, गुलाबी किती, हनुवटीखालच्या सावलीत निळसर करडा कुठं सुरू होतो? मग पिवळ्याच्या दगडावर फक्त पिवळ्याच्या वाट्याचे ठिपके द्यायचे, तेही काळ्या शाईनं, कारण दगडावर काम करताना शाई काळीच असते. म्हणजे मनात पिवळा धरायचा आणि हातानं काळा लावायचा. असे हजारो बारीक ठिपके, टाकाच्या टोकानं. त्यातही सगळं उलटं, कारण कागदावर उमटताना डावं उजवीकडं जातं. दहा दगड, दहा अपुरी चित्रं. एकाही दगडावर शकुंतला पूर्ण नाही. छपाई संपेपर्यंत ती पूर्ण असते फक्त कारागिराच्या डोक्यात!

छापताना कागद त्याच जागी, केसभरही न सरकता, पुन्हा पुन्हा बसवावा लागतो. एक रंग छापायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. जरा चूक झाली की ओठाचा लाल ओठाबाहेर दिसतो. शेवटी वार्निश द्यायचं. काही वेळा कागदावर कॅनव्हासचा पोतही दाबून उठवायचा, म्हणजे तैलचित्रच टांगल्यासारखं वाटावं. अशा चित्राला ओलिओग्राफ म्हणत.

मग हे आपल्याकडं आलं कसं? पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा सुरू झाली आणि देवादिकांची व इतिहासपुरुषांची शिळाछाप चित्रं घराघरांत जाऊ लागली. दोनच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, त्याच पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि शकुंतला मराठी गाऊ लागली. मात्र ती पुरुष नटांच्या गळ्यातून गात होती. भाऊराव कोल्हटकर शकुंतला झाले, पुढं १९०५ मध्ये बालगंधर्व पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले तेही शकुंतला म्हणूनच. लोकांच्या कानांना शकुंतला मिळाली होती. डोळ्यांना कायमची मिळायची होती.

केरळातल्या किळिमानूरचे रविवर्मा, जन्म १८४८, शकुंतलेच्या प्रेमात आधीपासूनच होते. कमळाच्या पानावर नखानं पत्र लिहिणारी त्यांची शकुंतला मद्रासचे गव्हर्नर, ड्यूक ऑफ बकिंगहॅम, यांनी विकत घेतली आणि पुढं मोनिएर विल्यम्सच्या इंग्रजी ‘शाकुंतला’च्या १८८७ च्या आवृत्तीत ती पहिल्या पानासमोर छापली गेली. पण तैलचित्रं राजवाड्यांत जात. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी पुराणकथांवरची चौदा चित्रं करून घेतली, ती पाहायला गर्दी लोटली. जे पाहायला येऊ शकत नव्हते त्यांचं काय? १८८४ मध्येच सर टी. माधवराव, त्रावणकोरचे आणि बडोद्याचे माजी दिवाण, यांनी रविवर्म्यांना पत्रानं सुचवलं होतं: चित्रं युरोपात पाठवा, त्यांचे ओलिओग्राफ करून घ्या. रविवर्म्यांनी त्यापेक्षा मोठं धाडस केलं. चित्रं तिकडं पाठवण्याऐवजी त्यांनी छापखानाच इकडं आणला. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात जर्मन यंत्रं बसली, जर्मन तंत्रज्ञ आले.

आणि या छापखान्यातून पहिलं चित्र कुठलं बाहेर पडलं? ‘शकुंतला जन्म’! मेनकेच्या हातात तान्ही पोर आणि तोंड फिरवणारा विश्वामित्र. शंभर वर्षांपूर्वी एकाच दशकात जर्मनीत पोचलेली शकुंतला आणि जर्मनीत जन्मलेला शिळाछाप, दोघं गिरगावात भेटले. नाटक छापायला पैसे नसलेल्या नाटककाराची युक्ती एका नाटकाच्या नायिकेला घरोघर नेणार होती. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते इतकं विलक्षण वाटतं.

मुंबईत १८९६ पासून प्लेगनं थैमान घातलं. छापखाना १८९९ मध्ये मळवलीला हलला, लोणावळ्याच्या पुढं, कार्ला-भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी. म्हणजे आमच्याच पुणे जिल्ह्यात! आम्ही जिल्ह्याच्या पूर्व भागात ऊस लावतो, तर पश्चिमेच्या टोकाला, मावळच्या पावसात, शकुंतला छापली जात होती. पुढं छापखाना रविवर्म्यांच्या हातून गेला, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेऊन चालवला. तिथल्या छपाईत एक मराठी तरुणही हात काळे करून गेला, धुंडिराज गोविंद फाळके. ते पुढं चित्रपटाचे दादासाहेब झाले. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटातली माणसं कशी उभी राहतात, कशी बसतात ते एकदा पाहा. ओळखीची वाटतील.

दगडांचं काय झालं, असं विचाराल. शिळाछापाचा दगड मोलाचा, म्हणून एका चित्राचं काम संपलं की वाळू आणि पाणी घालून दगडावर दगड घासत. जुनं चित्र जाई आणि नवं काढायला कोरा पृष्ठभाग मिळे. हजारो ठिपक्यांची मेहनत अशी स्वतःच्या हातानं पुसली जायची. १९७२ मध्ये मळवलीचा छापखाना आगीत सापडला. ज्या कारागिरांनी ठिपके दिले त्यांची नावं चित्राखाली कधी छापलीच जात नव्हती. मला त्याची हळहळ वाटते. शकुंतलेचा चेहरा रविवर्म्यांचा, हे खरंच. पण आपल्या आज्यांनी जो गाल पाहिला तो ठिपक्याठिपक्यानं त्या माणसांनी घडवलेला होता.

आणि चित्र घरी आल्यावरही हात थांबत नव्हते. कितीतरी जुन्या तसबिरींत छापील साडीवर खरं कापड चिकटवलेलं सापडतं. काठाला खरी जर, गळ्यात बारीक मणी, टिकल्या, बेगड. चेहरा आणि हात तेवढे कागदाचे, बाकी अंगभर सजवलेलं! लंडनमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोक नटांची छापील चित्रं घरी आणून त्यांच्यावर चकचकीत बेगड आणि कापडाचे तुकडे चिकटवत. दोन देश, दोन वेगळ्या बैठका, पण छापलेल्या पात्राला आपल्या हातानं नटवायची इच्छा तीच. रविवर्म्यांनी तर आश्रमातल्या वल्कलांना आधीच वस्त्राचं रूप दिलं होतं. घरच्यांनी त्याला जरीकाठ लावला.

तुमच्या घरी माळ्यावर अशी एखादी तसबीर असेल तर ती खाली काढा. साधं भिंग घ्या आणि गालावर धरा. ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, हातानं दिल्यासारखे दिसले तर तो शिळाछाप आहे. सगळे ठिपके एकसारख्या जाळीत, ओळीनं बसलेले दिसले तर ती अलीकडची ऑफसेटची नक्कल. मग खालच्या पट्टीतली बारीक अक्षरं वाचा. रविवर्मा प्रेसच्या नावापुढं बॉम्बे असेल तर चित्र बहुधा मळवलीला जायच्या आधीचं. कार्ला, लोणावळा किंवा मळवली असेल तर त्यानंतरचं. काचेआत टिकल्या लावलेल्या असतील तर त्या सैल झाल्या म्हणून काढून टाकू नका, त्यांच्यामुळं चित्राचं मोल वाढतं. मागची जुनी लाकडी फळी मात्र बदलून घ्या. लाकडातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरतं आणि कागद तपकिरी होऊन ठिसूळ पडतो. त्या जागी आम्लविरहित पुठ्ठा घाला, काच आणि कागद यांच्यात थोडी फट ठेवा आणि तसबीर उन्हाच्या भिंतीवर टांगू नका, कारण उन्हात सगळ्यात आधी गुलाबी उडतो.